तुझी टीम, कुमुद

कुमुद, फ्रिस्कोहून परत येऊन आठवडा होत आला. तुझ्या घरी भेटायला येणारे लोक तुझ्याबद्दल खूप छान बोलत होते. तू मोदक किती सुबक वळायचीस, मनोहर गेल्यावर किती खंबीरपणे राहिलीस, नातवंडांना किती शिस्त लावलीस. सगळं खरंच होतं. पण तू चार वर्षं मुलींच्या बास्केटबॉल टीमची कोच होतीस, हे त्यांच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. मी सांगितलं, तेव्हा एक काकू म्हणाल्या, "म्हणजे मुलींना खेळायला ने-आण करायच्या का त्या?" मी नुसतं हो म्हटलं. तू असतीस तर टेबलावरचे चहाचे कप इकडेतिकडे सरकवून त्यांना डिफेन्स कसा लावतात ते समजावलं असतंस, आणि चहा गार झाला असता.

टेक्सासमधल्या त्या लोकांना तू आजी म्हणूनच भेटलीस. माझ्या डोळ्यासमोर मात्र सारखी ॲन आर्बरच्या शाळेतली तू येतेस. निळा स्वेटर, मनोहरची जुनी ट्रॅक पँट, पाठीवर लांब वेणी, कपाळावर टिकली आणि गळ्यात शिट्टी. तू माझ्याहून चारच वर्षांनी मोठी होतीस, पण "शैले" अशी हाक मारलीस की मी शाळकरी मुलीसारखी उभी राहायचे.

तुला कोच मी केलं, हे तू कायम कबूल करायचीस. अश्विनी पाचवीत होती. तिला गावाच्या लीगमध्ये बास्केटबॉल खेळायचं होतं, आणि फॉर्म भरायला गेले तर तिथले गृहस्थ म्हणाले की मुलींच्या एका टीमला कोचच मिळत नाहीये, कोणी मिळालं नाही तर ती टीम होणार नाही. मुलांच्या टीमसाठी वडिलांची रांग लागायची, मुलींसाठी मोजकेच लोक यायचे. मला एवढंच ठाऊक होतं की तू नागपूरला युनिव्हर्सिटीकडून खेळली होतीस. तुला न विचारता मी तुझं नाव दिलं. संध्याकाळी फोन केला, तर तू आधी माझ्यावर ओरडलीस, "काय बोलून राहिली तू? मला विचारलंस का?" मग जरा थांबून म्हणालीस, "ड्राफ्ट कधी आहे?"

ड्राफ्ट हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. सगळ्या मुलींना जिममध्ये बोलावतात, पाठीवर नंबर लावतात, पळवतात, बॉल टाकायला लावतात. कोच लोक भिंतीशी बसून बघतात आणि मग आळीपाळीने एकेक मुलगी आपल्या टीमला निवडतात. मोठ्या व्यावसायिक टीमही कॉलेजातून येणारे नवे खेळाडू असेच निवडतात, हे तू मला गाडीत सांगितलंस. कोचची आणि त्याच्या मदतनिसाची मुलगी आपोआप त्यांच्याच टीममध्ये यायची. मदतनीस मी होते, म्हणून अश्विनी तुझी पहिली मुलगी.

जिममध्ये बाकी सगळे कोच पुरुष होते. आपण दोघी आत गेलो तर त्यातला एक, उंचापुरा मिस्टर कार्सन, उठून अदबीने म्हणाला की खाऊचं टेबल पलीकडे आहे. तू त्याचे आभार मानलेस आणि त्याच्याच शेजारच्या खुर्चीत बसलीस.

बाकीचे सगळे बास्केट कोण करतंय ते बघत होते. मीही तेच बघत होते. तू माझ्या कानाशी येऊन म्हणालीस, "बॉल हातातून गेल्यावर काय करते ते बघ." त्यानंतर मला वेगळ्याच मुली दिसायला लागल्या. एक उंच, सुंदर खेळणारी मुलगी चुकली की कमरेवर हात ठेवून छताकडे बघायची. आणि डॅनिएल नावाची एक चष्मेवाली, जिला धड बॉलचा टप्पाही मारता येत नव्हता, ती दर चुकीनंतर जिवाच्या आकांताने मागे पळत सुटायची, जणू घरातलं काहीतरी जळतंय. तुझी पाळी आली, तू डॅनिएलचा नंबर सांगितलास. मिस्टर कार्सनने वळून बघितलं. त्याला वाटलं तुला नंबर नीट वाचता आला नाही. तो म्हणाला, "आर यू शुअर?" तू म्हणालीस, "व्हेरी."

पहिल्या वर्षी आपण जवळजवळ सगळ्या मॅच हरलो. मला लाज वाटायची, तुला मुळीच नाही. लीगच्या नियमाने निवडलेल्या मुली पुढच्या वर्षीही आपल्याकडेच राहत, आणि तू त्याच हिशेबाने बसली होतीस. तू त्यांना बास्केट करायला शिकवलंच नाहीस बरेच दिवस. पाय कसे टाकायचे, मागे कसं पळायचं, बॉल नसताना कुठे उभं राहायचं, एवढंच. कोर्टाच्या कडेला उभी राहून तू मराठीत ओरडायचीस, "मागे! मागे! डावीकडे बघ!" समोरच्या कोचला काही कळायचं नाही, हा तुझा गनिमी कावा. अश्विनीने अर्थ सांगितला आणि महिन्याभरात त्या सगळ्या गोऱ्या पोरी "मागे" म्हटल्याबरोबर पळायला लागल्या. अश्विनी तुला मावशी म्हणायची, त्यांना वाटलं तेच तुझं नाव. "कोच माउशी" अशी हाक मारायच्या त्या. एकदा डॅनिएलच्या आईने मला फार आदराने विचारलं होतं, मिसेस माउशी मूळच्या कुठल्या?

घरी आपला दुसराच सामना चालायचा. मनोहरची रविवारी हॉस्पिटलमध्ये ड्यूटी असली की तू छोट्या निखिलला घेऊन आमच्याकडे यायचीस. टीव्हीवर मॅच लागलेली असायची आणि आपण चकल्या नाहीतर पराठे करत असायचो. अरविंद दोन मिनिटं बघून झोपून जायचा. आपल्या मिशिगनची, डेट्रॉइटची व्यावसायिक टीम ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला इतकी वाईट होती की लोक तिकिटं फुकट दिली तरी जात नव्हते. मग त्यांनी ड्राफ्टमध्ये एक बुटका, हसरा खेळाडू निवडला आणि त्याच्याभोवती हळूहळू टीम उभी करायला घेतली. तू त्या टीमच्या प्रेमातच पडलीस.

मी म्हणायचे, "इतकी वर्षं थांबायचंच कशाला? तयार, मोकळे झालेले खेळाडू असतात ना, फ्री एजंट? ते आणावेत, जिंकावं, मोकळं व्हावं."

त्या काळी ते तितकं सोपंही नव्हतं. करार संपला तरी जुनी टीम खेळाडूला अडवू शकायची. दशक संपता संपता नियम सैल झाले, आणि मी पेपर हातात घेऊन तुझ्याकडे आले होते, माझाच विजय झाल्यासारखी.

तू पीठ मळता मळता म्हणालीस, "घरी विरजण लावणं वेगळं आणि दुकानातून डबा आणणं वेगळं."

"मिशिगनच्या थंडीत तुझं विरजण लागतं तरी का?"

"ओव्हनमध्ये दिवा लावून ठेवते मी. लागतं."

"कढी करायची असेल तर दही कुठलं का असेना. चव आली म्हणजे झालं."

"मग तू कढी खा," तू म्हणालीस, "मी दह्याबद्दल बोलून राहिली आहे."

किती वेळा हसलोय आपण त्यावर.

आणि त्याच ओट्याशी एकदा तू ती नागपूरची गोष्ट सांगितलीस. मला वाटलं होतं तुझा हट्ट म्हणजे तुझ्यावर कधीतरी झालेल्या अन्यायाचा राग असणार. बाहेरून कोणी आणली असेल आणि तुला बाकावर बसवलं असेल. झालं होतं नेमकं उलटं. बाहेरून आणलेली मुलगी तूच होतीस. शेवटच्या वर्षाला तुला दुसऱ्या कॉलेजने फी माफ करून बोलावून घेतलं, कारण त्यांना ट्रॉफी हवी होती. ट्रॉफी मिळाली. तुझ्या येण्याने जी बाहेर बसली ती पहिल्या वर्षापासून त्या टीममध्ये होती, आणि ती मॅचभर तुझा टॉवेल हातात धरून उभी असायची.

"वाईट बोलली का ती तुला कधी?" मी विचारलं.

"नाही ना. तीच तर पंचाईत." तू चकलीचा सोऱ्या खाली ठेवलास. "शैले, तिला कोणी काही विचारलंच नाही. एके दिवशी मी आले आणि ती बाजूला झाली. फोटोत मी मधोमध आहे. मला त्या मुलींची नावंसुद्धा धड येत नव्हती तेव्हा."

तू परत चकल्या पाडायला लागलीस.

दुसऱ्या वर्षी आपण निम्म्या मॅच जिंकलो. तिसऱ्या वर्षी तर मिस्टर कार्सनच तुला आधी नमस्कार करायला लागला. डॅनिएलचा चष्मा आता पट्ट्याने बांधलेला असायचा आणि तिच्या हातून बॉल काढून घेणं कोणाला जमत नव्हतं. अश्विनी बास्केटखाली उभी राहायची. आपल्या टीममध्ये तीच सगळ्यात उंच होती, यावर अरविंदचा विश्वास बसत नसे. त्याच वर्षी आपली एक मुलगी गाव सोडून ओहायोला गेली आणि एक जागा रिकामी झाली.

आणि त्याच सुमारास क्रिस्टिन आली. तिच्या वडिलांची बदली ॲन आर्बरला झाली होती, ड्राफ्ट होऊन गेला होता. नियमाप्रमाणे अशी मुलगी मोकळी, ज्या टीममध्ये जागा असेल तिथे तिने आणि कोचने मिळून ठरवायचं, तेही दर वर्षी नव्याने. ती अश्विनीपेक्षा वीतभर उंच होती. तिचे वडील तिला घेऊन आपल्या प्रॅक्टिसला आले, आणि तिने गंमत म्हणून टाकलेला एकही बॉल बाहेर गेला नाही. मी तुझा हात घट्ट धरला होता. चॅम्पियनशिप समोर चालत आली होती, कुमुद.

तू नाही म्हणालीस. वेटिंग लिस्टवरचं पुढचं नाव घेतलंस. लिन, नुकत्याच आलेल्या एका संशोधक जोडप्याची मुलगी, जी पहिल्या दिवशी हिवाळ्याचा जाडजूड कोट घालूनच कोर्टावर उतरली.

परतीच्या वाटेवर आपलं जोरात भांडण झालं. मी म्हणाले, तुला जिंकायचंच नाहीये. तू म्हणालीस, "मला तुझ्यापेक्षा जास्त जिंकायचंय." मी म्हणाले, मग हा काय वेडेपणा? तू म्हणालीस, "तिचा बाप तिला घेऊन आला. ती कुठे आली?" मला ते उत्तर वाटलंच नाही. शब्दांचा खेळ वाटला.

क्रिस्टिन मिस्टर कार्सनकडे गेली. त्याने त्या वर्षी अशा तीन-चार मोकळ्या मुली गोळा केल्या होत्या. फायनल आपली आणि त्यांचीच झाली. शेवटपर्यंत बरोबरी होती आणि शेवटचा बास्केट क्रिस्टिनने केला. जिममध्ये सगळे उभे राहिले होते. आपल्या मुली रडत होत्या, लिनसुद्धा, आणि तू एकेकीच्या पाठीवर हात ठेवत फिरत होतीस. गाडीत बसल्यावर मी म्हणाले, "ती आपल्याकडून खेळली असती." तू म्हणालीस, "हो." बस, एवढंच.

त्या हरण्याबद्दल मला अजूनही वाटतं की मीच बरोबर होते. हे मी तुला तू जाईपर्यंत ऐकवलं, आणि आता तू ऐकत नसलीस तरी ऐकवतेय.

पुढच्या ऑक्टोबरमध्ये तुझ्या अंगणात पानं गोळा करायचं काम चाललं होतं. मी पायरीवर चहा घेऊन बसले होते. क्रिस्टिन सायकलवरून आली. एकटी. सायकल गवतावर टाकून तुझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली की मिस्टर कार्सनकडे तिला परत जायचं नाही. तिथे सगळ्याच मुली मोठ्या, सगळ्यांनाच बॉल हवा, कोणी कोणाला बॉल देत नाही, आणि तो नुसता ओरडतो. तिला आपल्याकडे खेळायचंय. वडिलांना माहीत नाही ती इथे आलीय.

तू तिला काय दिलंस? दुसरं दाताळं. दोघींनी मिळून सगळं अंगण झाडलं. मग म्हणालीस, "दोन दिवसांनी सांगते."

आपल्याकडे पुन्हा एक जागा झाली होती, तू तिला घेतलंस. मी किती खूश झाले होते! "शेवटी माझं पटलं तुला," मी फोनवर म्हटलं. तू प्रॅक्टिसची वेळ सांगून फोन ठेवलास.

मग सीझन सुरू झाला आणि मला कळलं की क्रिस्टिन उभी राहते ती जागा अश्विनीची आहे.

अरविंद हसायचा. "तुझंच तत्त्व आहे ना? तयार माल आणा, जिंका." मला हसू येत नव्हतं. पहिल्या वर्षी सगळ्या मॅच हरलेली, दर शनिवारी सकाळी अंधारात उठून तुझ्याबरोबर जिम उघडायला येणारी माझी मुलगी आता निम्मा वेळ बाकावर बसायची. टॉवेल मांडीवर घेऊन. तो टॉवेल बघून मला तुझ्या नागपूरच्या टीममधली ती मुलगी आठवायची आणि वाटायचं, ही बाई विसरली कशी?

एका मॅचनंतर पार्किंगमध्ये मी तुला गाठलं. बर्फ पडत होता आणि तू गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होतीस.

"अश्विनीला का बसवतेस?"

"क्रिस्टिन जास्त चांगली खेळते."

"अश्विनी तुझी पहिली मुलगी आहे, कुमुद. तिच्यासाठी ही टीम झाली."

तू खरवडणं थांबवलंस. माझ्याकडे बघितलंस. म्हणालीस, "म्हणून तर."

मी विचारलं, म्हणून तर काय? तू मान हलवलीस आणि परत काच खरवडायला लागलीस. तुझ्या हातमोज्यांना भोकं पडली होती, हे मला का लक्षात राहिलंय कोण जाणे.

आपण चॅम्पियन झालो. फायनलच्या शेवटच्या भागात क्रिस्टिन आणि डॅनिएल कोर्टावर होत्या, अश्विनी बाकावर. ती उभी राहून ओरडत होती, "मागे! मागे!" अगदी तुझ्यासारखी. घसा बसेपर्यंत. मला वाटलं माझी पोर किती मोठ्या मनाची, आणि ही बाई किती कठोर. ट्रॉफी मुलींच्या हातातून फिरली, तुझ्या हातात आली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. तुझ्याजवळ मात्र आले नाही.

त्यानंतर काही महिने आपलं बोलणं कामापुरतं झालं. मंडळाच्या पाडव्याला आपण एकाच टेबलावर बसलो आणि श्रीखंडात केशर जास्त झालंय यावर बोललो. मनोहरने अरविंदला विचारलं होतं म्हणे, या दोघींचं काही झालंय का.

मग जूनमध्ये डेट्रॉइटची टीम चॅम्पियन झाली. शेवटची शिट्टी वाजली आणि आमचा फोन वाजला. मी उचलला. हॅलो नाही, काही नाही. "बघ! ड्राफ्ट!" तू ओरडलीस.

माझ्या तोंडून निघून गेलं, "कसला ड्राफ्ट? अर्धी टीम अदलाबदलीत बाहेरून आणलीय त्यांनी!"

"आणि तो बुटका? तो कुठून आला?"

आपण किती वेळ भांडत होतो. दुसऱ्या दिवशी तू निखिलला घेऊन आलीस, पराठे केलेस, आणि तो हिवाळा जणू आलाच नव्हता, अशा आपण वागायला लागलो. त्या पार्किंगबद्दल तू बोलली नाहीस, मीही विचारलं नाही. मुली हायस्कूलमध्ये गेल्या, तिथे त्यांना वेगळे कोच मिळाले. तू शिट्टी ठेवून दिलीस. पुढची कित्येक वर्षं आपण वेगवेगळ्या टीमवरून भांडलो. तू निखिलकडे फ्रिस्कोला राहायला गेलीस तेव्हा फोनवरून भांडलो. तुझा श्वास पुरेनासा झाला तेव्हा तू कमी बोलायचीस आणि मी जास्त, पण "पाहून राहिली आहेस ना मॅच?" हा तुझा पहिला प्रश्न असायचा.

गेल्या आठवड्यात अश्विनी शिकागोहून आणि मी इथून, दोघी फ्रिस्कोला आलो. सगळं आटोपल्यावर भाड्याच्या गाडीत बसलो. दुपारचं ऊन, गाडी तापलेली. तिने एसी लावला, गाडी सुरू केली नाही. आम्ही दोघी रडून थकलो होतो. मी म्हटलं, "एवढी जवळची होती माझी. एकच गोष्ट मला कधी कळली नाही तिची. शेवटच्या वर्षी तिने तुला बाकावर बसवलं."

अश्विनी स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होती. आता तिचे केस माझ्याहून जास्त पिकलेत. ती म्हणाली, "आई, मावशीने मला विचारलं होतं."

"काय विचारलं होतं?"

मग तिने सांगितलं. तेरा वर्षांची होती ती. तू शाळा सुटताना तिला आणायला गेलीस, आईला ग्रोसरीत उशीर होणार आहे असं काहीतरी कारण काढून. रिकाम्या जिममध्ये नेलंस, पायऱ्यांवर बसवलंस आणि सांगितलंस, क्रिस्टिन स्वतःहून आलीय. ती आली तर आपण बहुतेक जिंकू. पण ती आली तर तुला बसावं लागेल, थोडं नाही, पुष्कळ. ही टीम सगळ्यात आधी तुझी आहे. तू नाही म्हणालीस तर मी तिला नाही सांगेन, आणि का ते कोणाला कधी कळणार नाही. आज सांगू नकोस. बाकावर बसलेली तू स्वतःला डोळ्यासमोर आण, आणि मग उद्या सांग.

"आणि तू हो म्हणालीस?"

"येस. आणि मीच तिला सांगितलं, आईला सांगू नको. तू मला कन्व्हिन्स करत बसली असतीस. एक तर नाही म्हण म्हणून, नाहीतर हो म्हण म्हणून. आय डिडन्ट वॉन्ट दॅट."

कुमुद, मी गाडीत बसून तो पार्किंगमधला बर्फ बघत होते. "म्हणून तर." तू तेव्हा एका वाक्यात सुटू शकली असतीस. अगं तुझ्या लेकीनेच होकार दिलाय, एवढं म्हणाली असतीस तर मी तिथेच गप्प झाले असते. मी तुला कठोर समजत राहिले, पाडव्याला श्रीखंडावर बोलत राहिले, आणि तू एका तेरा वर्षांच्या मुलीला दिलेला शब्द सांभाळत बसलीस. मग पुढे इतकी वर्षं, ती मोठी झाल्यावरही. मला राग आलाय तुझा. तुला सांगते, खूप राग आलाय. मी तिची आई होते, मला विचारायला हवं होतंस. आणि तू मला विचारलं नाहीस याबद्दल मी आयुष्यभर तुझी ऋणी आहे. हे दोन्ही खरं आहे आणि ते एकमेकांशी कसं जुळवायचं ते मला येत नाही. तू असतीस तर यावर आपण अजून दहा वर्षं भांडलो असतो.

मी अश्विनीला विचारलं, "वाईट नाही वाटलं तुला? त्या फायनलला?"

"थोडं वाटलं ना. पण मी ठरवलं होतं. इट वॉज माय टीम."

"पण मुळात हो का म्हणालीस?"

बाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, ते ती बघत राहिली.

"कारण तिने विचारलं, आई. तू आणि बाबा माझ्यासाठी सगळं करायचात. पियानो, मॅथ कॅम्प, उन्हाळ्यात पुणे. सगळं छान होतं, खरंच. पण कोणी मला विचारलं नव्हतं कधी. मावशीने पहिल्यांदा विचारलं, आणि माझं उत्तर काय येईल हे तिला माहीत नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती घाबरली होती."

तू घाबरली होतीस. मला हे चित्र फार आवडलं, कुमुद. त्या रिकाम्या जिममध्ये, गळ्यात शिट्टी घालून, माझ्या मुलीच्या उत्तराला घाबरलेली तू.

आम्ही दोघी सकाळपासून उपाशी होतो. निखिलने रस्त्यावरची दोन-तीन हॉटेलं सांगितली होती, आणि इडली हलकी पडेल, तिकडेच जाऊ, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

"कुठे जायचं जेवायला?" मी अश्विनीला विचारलं.

ती वळून माझ्याकडे बघायला लागली. पन्नाशीची माझी लेक, डोळे सुजलेले, आणि तिला खरंच सुचत नव्हतं. ती "तूच सांग" म्हणणार असं मला वाटलं. म्हणाली नाही. फोन काढून शोधायला लागली, एक बघितलं, दुसरं बघितलं.

मी हात मांडीवर ठेवले आणि तिचं ठरेपर्यंत गप्प बसून राहिले.